रंगीत तालीम, बिनरंगाची

वेंगुर्ल्याकडचं एक गाव. रात्रीचे दहा. देवळाच्या सभामंडपात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर राजा बसलाय. अंगात बनियन, कमरेला पंचा, तलवार म्हणून हातात छत्री. उद्या पूजेचं नाटक. आज रंगीत तालीम.

रंग कुठे दिसतोय?

‘तालीम’ हा शब्द अरबीतून आला. मूळ अर्थ शिक्षण. कोल्हापुरात तालीम म्हटलं की लाल माती आणि पैलवान. नाटकवाल्यांची तालीम म्हणजे नक्कल पाठ करून पुन्हा पुन्हा उभं राहणं. ही नक्कल चेष्टेतली नव्हे. आपल्या वाट्याचे संवाद उतरवून घेतले की ती झाली नक्कल.

शेवटची तालीम ती रंगीत. तोंडाला रंग, अंगावर पोशाख, पडदा, दिवे, पेटी-तबला, सगळं प्रयोगासारखं. आणि मध्ये थांबायचं नाही. चुकलात तर निभावून न्या. दिग्दर्शक समोर बसून वहीत टिपून घेतो.

पण इथे ड्रेपरी, म्हणजे नाटकाचे पोशाख, भाड्याची, एका रात्रीपुरती. “ड्रेपरी उद्या येतली. आज पंचो नेसानच राजा हो!” अर्धे नट चाकरमानी. त्यांच्या तालमी झाल्या मुंबईत, कुणाच्या तरी खोलीवर. सकाळच्या गाडीने ते उतरले, त्यामुळे राजा आणि प्रधान आज पहिल्यांदाच समोरासमोर येतायत. रंग नसला तरी या तालमीला गावात रंगीतच म्हणतात.

जत्रेत याच देवळापुढे दशावतार झाला, तेव्हा सगळं उलटं होतं. नट आरशापुढे बसून स्वतःच तोंड रंगवत होते. रात्रीचं आख्यान ठरलं, कुणी कुठलं पात्र ते ठरलं, की झालं. लिहिलेली संहिता नाही, तालीम नाही; संवाद रंगमंचावरच सुचायचे.

वर्तमानपत्रांना हा शब्द फार आवडतो. जिल्हा परिषदेची निवडणूक आली, की ती लगेच ‘विधानसभेची रंगीत तालीम’. मला ते पटत नाही. तालमीतला राजा दुसऱ्या दिवशी पाच वर्षं गादीवर बसत नाही.

मंडपात दुसरा अंक सुरू आहे. वीज जाते. राजा थांबत नाही. कुणीतरी मोबाइलचा उजेड त्याच्या तोंडावर धरतं, आणि अंधारातून प्रधान तिसऱ्या अंकातलं वाक्य टाकतो.