‘कसातरीच होता’ याच्या पुढचे वाक्य

मंडळी,

सिंधुदुर्गातल्या ग्रामीण रुग्णालयांत परिचारिका म्हणून मी बत्तीस वर्षे काम केले, आणि या काळात ओपीडीच्या टेबलाशी सर्वांत अधिक वेळा ऐकलेले वाक्य म्हणजे ‘सिस्टर, माका कसातरीच होता’. ताप नसतो, कुठे दुखते ते बोटाने दाखवता येत नाही, तरीही काहीतरी बिनसले आहे याची माणसाला आतून खात्री असते. डॉक्टरांसमोर केसपेपरांचा गठ्ठा असतो. ते विचारतात, ‘म्हणजे नक्की काय होते?’ आणि आपला माणूस ‘काय नाय, जरा अशक्तपणा’ एवढे म्हणून गप्प होतो. मला या गप्प होण्याविषयी बोलायचे आहे, कारण त्यापायी गेलेली माणसे मी पाहिली आहेत.

एका ऑक्टोबरातली गोष्ट सांगते. भातकापणीचे दिवस होते आणि पहाटे पाचच्या सुमारास तिशीतल्या एका बाईला रिक्षातून आणले. घरची सगळी माणसे पडवीत जमिनीवर निजली होती. पोटात कळ येऊन ही जागी झाली आणि तिला दोन उलट्या झाल्या. ड्यूटीवरचे डॉक्टर रात्रभर जागे होते. त्यांनी पित्ताचे इंजेक्शन लिहून दिले आणि तासाभराने घरी जायला सांगितले. सोबत आलेली तिची जाऊ दारापर्यंत गेली आणि तिथून परत फिरली. ‘सिस्टर, हिचे डोळे बघा. ही अशी नसता,’ ती म्हणाली. पापण्या अर्ध्यावर आल्या होत्या. मग तिने सांगितले की मघाशी पाण्याचा घोट दिला तो हिला गिळता आला नाही, ओठाच्या कडेने खाली ओघळला, आणि रात्री जेवताना तर ही चांगली हसत-बोलत होती.

मी डॉक्टरांना उठवले. मण्यार हा विषारी साप, ज्याला आपल्याकडे कांडर म्हणतात, बहुधा रात्री झोपेत चावतो. त्याचे दात इतके बारीक असतात की अनेकदा खूण सापडत नाही. चावल्या जागी सूज नसते, दुखणेही जवळजवळ नसते. पोटदुखीने सुरुवात होते, मग पापण्या जड होतात, गिळणे अवघड होते आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. त्या बाईला प्रतिविष सुरू केले, श्वास मंदावला तेव्हा श्वास देणारी अँबू बॅग हाताने दाबत १०८च्या गाडीतून जिल्हा रुग्णालयात नेले, आणि नवव्या दिवशी ती घरी परतली. जावेला साप सुचलाही नव्हता. हे रोजचे नाही एवढेच तिला कळले होते. पण ‘मला भीती वाटते’ एवढ्यावर ती थांबली नाही, म्हणून डॉक्टरांच्या हाती काहीतरी लागले. काय बदलले, कधीपासून बदलले आणि आधी कसे होते, हे तिने तीन वाक्यांत सांगितले.

वैद्यकशास्त्र या जाणिवेला कमी लेखते असा आपला समज असतो, तो बरोबर नाही. हृदयविकाराचा झटका, तीव्र अ‍ॅलर्जी किंवा न जुळणारे रक्त चढणे या प्रसंगी रुग्णाला ‘आता काहीतरी वाईट होणार’ असे वाटते, हे लक्षण म्हणूनच शिकवले जाते. रक्ताची पिशवी लावल्यावर पहिली पंधरा मिनिटे आम्ही रुग्णाजवळ थांबतो, आणि ‘जीव घाबरा होतो’ असे त्याने म्हटले तर आधी रक्त बंद करतो, चर्चा मागाहून. ‘लान्सेट’ या नियतकालिकात २०१० साली लहान मुलांच्या गंभीर संसर्गांविषयी एक आढावा प्रसिद्ध झाला. ‘हे आजारपण नेहमीसारखे नाही’ ही पालकांची काळजी त्यात धोक्याची एक ठळक खूण ठरली. इंग्लंडमध्ये तेरा वर्षांची मार्था मिल्स २०२१ साली सेप्सिसने, म्हणजे संसर्ग सगळ्या शरीराला भोवून, गेली. आईवडिलांनी वारंवार बोलून दाखवलेली चिंता ऐकली गेली नव्हती. तिच्या नावाचा नियम तिथल्या रुग्णालयांत २०२४ पासून लागू होऊ लागला असून, प्रकृती खालावते आहे असे वाटल्यास कुटुंबाला दुसऱ्या पथकाकडून तातडीने तपासणी मागता येते.

फार लांब जायलाही नको. महाडजवळच्या बिरवाडीला डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचू चावलेल्या रुग्णांच्या उशाशी बसून उलटी, भरपूर घाम, गार पडलेले हातपाय या सुरुवातीच्या खुणा टिपल्या आणि १९८२ साली त्या ‘लान्सेट’मध्ये मांडल्या. रुग्णाकडे इतक्या निगुतीने पाहणारा डॉक्टर प्रत्येकाला लाभत नाही, म्हणून आपल्या खुणा आपणच टिपायला हव्यात.

पावसाळ्यात याचे मोल फार असते. लावणीच्या दिवसांत ताप आला की घरोघरी ‘भिजल्यामुळे’ असे ठरते. परंतु लेप्टोचे, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाचे, जंतू उंदरांच्या आणि गुरांच्या मुतातून शेतातल्या पाण्यात येतात आणि पायाच्या भेगांतून शरीरात शिरतात. पोटऱ्या दाबवत नाहीत इतक्या दुखतात, डोळे लाल होतात. वेळ गेली तर कावीळ होते आणि लघवी कमी होते. ‘आठ दिवस चिखलात उभी होते, आणि हा ताप नेहमीच्या तापासारखा नाही’ हे वाक्य तुम्ही पहिल्या मिनिटात बोललात तर डॉक्टरांची विचारांची दिशाच बदलते. कावीळ उतरवण्यासाठी गावठी औषध घेतले असेल तर तेही सांगावे. ओरडा बसेल या भीतीने ते लपवणारे अनेक रुग्ण मला भेटले आणि प्रत्येक वेळी हळहळ वाटली.

बायकांच्या बाबतीत एक अडचण आणखी असते: केसपेपर तिच्या नावाचा आणि बोलतो तिचा नवरा किंवा दीर. हृदयविकारात बायकांना पुष्कळदा छातीत दुखण्याऐवजी दम लागतो, मळमळते, जबडा किंवा पाठ भरून येते, आणि घरचा माणूस ‘गॅस झाला’ म्हणून मोकळा होतो. अशा वेळी ‘मला स्वतः दोन मिनिटे बोलायचे आहे’ असे म्हणायला संकोच करू नये. सोबतच्या माणसाचाही उपयोग असतोच. गणपतीला आलेला चाकरमानी मुलगा दारातच म्हणतो, ‘आई, तू किती वाळलीस!’ घरच्यांना हे दिसलेले नसते, कारण ते तिला रोज पाहतात. त्याचे ते वाक्य डॉक्टरांपर्यंत पोहोचवावे.

आतली जाणीव चुकतेही. शेजारी कोणी कॅन्सरने गेले की महिनाभर साऱ्या वाडीला गाठी हाताला लागतात. म्हणून भीतीसुद्धा लपवू नये. ‘शेजारणीला झाले तसे मला झाले असेल असे वाटते’ असे सरळ म्हटले की डॉक्टरांना नेमके तेच तपासून पाहता येते.

घरून निघण्यापूर्वी दोन ओळी कागदावर लिहून घ्या, कारण खुर्चीत बसल्यावर सुचत नाही. डॉक्टरांचे निदान पटले नाही तर वाद घालू नका, विचारा: ‘याशिवाय आणखी काय असू शकेल?’ दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेणे हा तुमचा हक्क आहे, त्यात कुणाचा अपमान नाही. घरी जायला सांगितले तर ‘काय झाले म्हणजे परत येऊ, आणि किती वेळ थांबू?’ हे विचारून उत्तर केसपेपरावर लिहून मागा. शेवटची एसटी निघून गेल्यावर तसे काही झाले तर काय करायचे हेही तिथेच ठरवा, आणि १०८ला सांगायच्या वाटेच्या खुणा, म्हणजे कुठला साकव, कुठले देऊळ, गाडी कुठपर्यंत येते, या घरातल्या शाळकरी मुलांकडूनही पाठ करून घ्या.