आधी गाव सांगा

(दृश्य: नाशिक, रामकुंड. उपाध्यायांच्या घरातलं कपाट उघडतं.)

घराण्याचा शोध घ्यायला माणसं इथे येतात ती आडनाव घेऊन. गुरुजी विचारतात, "गाव कोणतं?" पाटील, कुलकर्णी, देशमुख गावोगाव. नुसतं आडनाव इंटरनेटवर टाकून बसण्यात काही राम नाही.

(दृश्य: लाल फडकं सुटतं. लांबट वही. पानावर फिरणारं बोट.)

यात्रेला, पिंडदानाला आलेला माणूस इथे नावं लिहून द्यायचा. बाप, आजा, भाऊ, मुलगे, सोबत कोण आलं ते. अक्षर मोडी. आधी पानभर आडवी रेघ मारायची, मग बोरू शक्यतो न उचलता तिला अक्षरं टांगत जायचं. ऱ्हस्व-दीर्घ नाही, दोन शब्दांत जागा नाही. नाव कुठे संपलं आणि गाव कुठे सुरू झालं, ते वाचणाऱ्याने ओळखायचं. हे वाचू शकणारी माणसं आहेत तोवर वाचून घ्या. महिनाभर बसलात तर जुजबी मोडी स्वतःलाही येते.

साल शके 1812 असेल तर 78 मिळवा, 1890 आलं. मराठवाड्याच्या कागदात फसली सन, म्हणजे महसुली साल, भेटतो. तिथे 590, कधी 591.

पणजीचा माग काढायचा तर तिच्या माहेरचं गाव हवं. लग्नात बहुतेकींचं नावही बदललेलं.

(दृश्य: माजघर. आजी पितळी परात उताणी करते. काठावर कोरलेली अक्षरं, जवळून.)

म्हणून सुरुवात घरातूनच. आहेराच्या परातीवर देणाऱ्याचं नाव असतं, कधी गाव, कधी तारीख. मोबाइल रेकॉर्डिंगवर ठेवा आणि आजीला साल विचारू नका. "पानशेतच्या पुराआधी की नंतर?" असं विचारा. पूर 1961चा, कोयनेचा भूकंप 1967चा, मोठा दुष्काळ 1972चा. तिचं उत्तर लगेच येतं, आणि सोबत दोन भांडणंही कळतात. तीही लिहून ठेवा. वाटणीचा फेरफार, म्हणजे जमिनीच्या मालकीबदलाची नोंद, शोधताना उपयोगी पडतात.

(दृश्य: तहसील कार्यालय, अभिलेख कक्ष. दोरीने बांधलेली दप्तरं.)

इथेही सगळं गाववार. गाव नमुना 14, म्हणजे कोतवाल बुक: जन्म-मृत्यूची नोंद, बापाचं नाव, जात. 2023पासून कुणबी नोंदींसाठी हीच दप्तरं राज्यभर उघडली गेली, दाखले निघाले, वादही झाले.

अर्ज करण्याआधी एक बघा: गाव तेव्हा कोणत्या तालुक्यात होतं? तालुके फुटले, गावं धरणाखाली जाऊन दुसरीकडे वसली. मराठवाडा तर 1956पर्यंत हैदराबाद राज्यात. तिथले जुने कागद उर्दूतही सापडतात, तेव्हा मोडीवाल्यासोबत उर्दू वाचणाराही गाठून ठेवा.