ऑपरेशन झालं, मग बोलणं का गेलं?

बायपास म्हटलं की गावात सगळ्यांचा हात छातीवर जातो. गडचिरोलीच्या धानपट्ट्यातल्या या माणसाची बायपास मात्र डोक्याची. मेंदूला रक्त पुरवणाऱ्या मोठ्या धमन्या हळूहळू अरुंद होत जातात, त्या आजाराला मोयामोया म्हणतात. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या रुग्णांतही धमन्यांची अशी गत होऊ शकते, आणि पूर्व विदर्भात सिकलसेलची घरं थोडीथोडकी नाहीत.

नागपुरात कानशिलावरची धमनी कवटीच्या आत नेऊन मेंदूवरच्या धमनीला जोडली. टाके केसाहून बारीक. झुरिकमध्ये मेंदूचे सर्जन यासारगिल यांनी १९६७ साली अशी जोडणी पहिल्यांदा केली.

तिसऱ्या दिवशी बायकोनं चहा पुढे केला. त्याला ‘कप’ म्हणायचं होतं, तोंडातून निघालं ‘बांधी’, म्हणजे धानाचं शेत. मग तेही निघेना. ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून चहा शर्टावर ओघळला.

“काहून जी, बोलत काहून नाही?”

व्हरांड्यात नातेवाइकांनी निकाल देऊनही टाकला: ऑपरेशन बिघडलं.

एमआरआय काढला. मेंदूचा एखादा भाग नुकताच रक्ताविना मेला असेल, तर एमआरआयच्या डिफ्यूजन नावाच्या चित्रात तो पांढरा चमकतो. तसं काही नव्हतं. फ्लेअर नावाच्या दुसऱ्या चित्रात मात्र जोडणीजवळ मेंदूच्या घड्यांतून पांढुरक्या रेघा होत्या. रक्तप्रवाहाच्या तपासणीत त्याच जागी रक्त जास्त. भेगाळलेल्या बांधीत एकदम नहराचं पाणी सोडावं, तसं.

खरी मेख पुढे आहे. रक्त जास्त होत असेल तर रक्तदाब आटोक्यात ठेवायचा. कमी पडत असेल तर तोच रक्तदाब पडू द्यायचा नाही. उपचार उलटे, आणि खाटेजवळ उभं राहून पाहिलं तर दोन्ही रुग्ण सारखेच दिसतात. अंदाजानं गोळी देणं म्हणून धोक्याचं. जास्तीच्या रक्तानं क्वचित झटके येतात, रक्तस्रावही होतो. तेव्हा ‘होईल बरं’ म्हणून बसूनही चालत नाही.

ही तात्पुरती लक्षणं बहुधा काही दिवसांत, फार तर दोनेक आठवड्यांत ओसरतात. याचं बोलणं आठवडाभरात परतलं. शिव्या आधी आल्या, असं बायको सांगते.

सुट्टी देताना डॉक्टरांनी बजावलं: घरी बोलणं अडखळलं तर थेट १०८. आणि त्या कानशिलावर शेला आवळून बांधायचा नाही, जोडलेली धमनी तिथूनच आत जाते.

“तेंदूपत्त्याच्या उन्हात शेला नाही बांधू, त काय टोपलं घालू डोक्यावर?”

“घाला जी. पण ढिलं घाला.”