टेक संपल्यानंतरचे आवाज

अमेरिकेतील मेम्फिस शहरात ७०६, युनियन अॅव्हेन्यू या पत्त्यावर सॅम फिलिप्स यांनी १९५० साली ध्वनिमुद्रणाचा एक लहानसा स्टुडिओ थाटला. जुलै १९५४ मध्ये याच खोलीत एकोणीस वर्षांचा एल्विस प्रेस्ली, गिटारवर स्कॉटी मूर आणि बासवर बिल ब्लॅक असे तिघे 'ब्लू मून ऑफ केंटकी' हे बिल मन्रो यांचे गाणे नव्या चालीत बसवून पाहत होते.

त्या वेळचा एक टेक, म्हणजे गाण्याचे एका खेपेचे ध्वनिमुद्रण, आजही ऐकायला मिळतो; तो त्या गाण्याच्या प्रसिद्ध तबकडीवर नाही. त्याची लय संथ आहे आणि गायकाला अजून वाट सापडायची आहे. गाणे थांबते, तेवढ्यात फिलिप्स यांचा हरखलेला आवाज येतो: हे काही वेगळेच झाले, आता हे जवळपास पॉप गाणेच झाले! तबकडीवर पुढे गेला तो याहून बराच वेगवान टेक.

असे मागे पडलेले टेक विक्रीचा माल मानलेच जात नसत. टेप महाग असल्यामुळे फिलिप्स अनेकदा जुन्या टेपवरच नवे ध्वनिमुद्रण करीत. तरीही जे वाचले, त्यातले काही १९७० च्या दशकात युरोपमध्ये विनापरवाना छापलेल्या तबकड्यांवर उमटले. प्रतीची प्रत काढलेली असल्यामुळे त्यांत खरखर फार असे. कलावंतांना त्यातून काही मिळत नसे, म्हणून या छपाईला चोरीच म्हटले पाहिजे. परंतु 'ग्रेट बॉल्स ऑफ फायर'च्या ध्वनिमुद्रणापूर्वी, हे संगीत सैतानाचे आहे असे कळवळून सांगणारा गायक-पियानोवादक जेरी ली लुईस आणि त्याची समजूत घालणारे फिलिप्स रसिकांच्या कानी पडले, ते अशाच चोरट्या तबकड्यांमुळे, हेही तितकेच खरे आहे.

सर्वांत मौल्यवान टेप मात्र ४ डिसेंबर १९५६ ची आहे. गायक कार्ल पर्किन्स यांचे ध्वनिमुद्रण चालू होते, पियानोवर जेरी ली होता, गायक जॉनी कॅश आले होते, आणि एव्हाना आरसीए या मोठ्या तबकडी-कंपनीकडे गेलेला, देशभर गाजलेला एल्विस सहज डोकावला. यंत्र चालू राहिले आणि भजनांपासून थट्टामस्करीपर्यंत सारे टेपवर उतरले. ही टेप १९८० च्या दशकात युरोपमध्ये तुकड्यातुकड्यांनी बाहेर आली; आरसीएने ती १९९० साली प्रसिद्ध केली.

तिच्यात एल्विस सोबत्यांना लास व्हेगासमध्ये ऐकलेल्या एका गायकाविषयी सांगतो. त्या गायकाने 'डोन्ट बी क्रूएल' हे एल्विसचेच गाणे म्हटले होते, आणि ते आपल्या तबकडीपेक्षा कितीतरी सरस होते, असे तो मोकळेपणाने कबूल करतो. त्याचे नाव एल्विसला ठाऊक नाही. तो जॅकी विल्सन होता. मग एल्विस तेच गाणे त्याच्या ढंगात, त्याने 'टेलिफोन' हा शब्द कसा उच्चारला तेही दाखवीत, गाऊ लागतो.