सोडायचं तर अबोला सोडा

श्रोतेहो, नमस्कार.

राखेच्या बुधवारी आमच्या वसईतली चर्चेस सकाळ-संध्याकाळ भरलेली असतात. मागच्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, आशीर्वाद दिलेल्या झावळ्या जाळून राख केलेली असते. फादर ती आमच्या कपाळाला लावतात आणि तू माती आहेस, मातीलाच मिळणार आहेस, याची आठवण देतात. तिथून ईस्टरपर्यंतचे दिवस म्हणजे आमचा उपवासकाळ. कॅलेंडर घेऊन मोजलंत तर ईस्टरच्या आदल्या, पवित्र शनिवारपर्यंत ४६ दिवस भरतील. त्यातले सहा रविवार वगळायचे, कारण रविवार पुनरुत्थानाचा, त्या दिवशी उपास धरत नाहीत. उरले ४०. येशूनं रानात काढलेले दिवसही तेवढेच.

चाळीस दिवस ही माणसं उपाशी राहतात की काय, असं आमच्या शेजारपाजारच्यांना वाटतं. तसं काही नाही. कॅथलिक चर्चचा आजचा नियम बराच सौम्य आहे. सक्तीचे उपास दोनच, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे, तेही १८ ते ५९ वयाच्या माणसांना. त्या दिवशी एक पूर्ण जेवण आणि दोन वेळा थोडंसं काही. या दोन दिवशी आणि उपवासकाळातल्या सगळ्या शुक्रवारी मांस वर्ज्य, तो नियम चौदा वर्षांवरच्या सगळ्यांना लागू. मासे मात्र चालतात! आता वसईच्या माणसाला मटण सोडून सरंगा खा म्हणणं, यात कसला आलाय त्याग? 'एकादशी, दुप्पट खाशी' ही म्हण काही फक्त वारकऱ्यांच्या घरात लागू पडत नाही.

म्हणून पुष्कळजण आपणहून आणखी काही सोडतात. कुणी चहा, कुणी दारू, कुणी सिगारेट, हल्ली कुणी मोबाइलवरचे व्हिडिओ. चांगलंच आहे ते, मी त्याची थट्टा करणार नाही. दारू चाळीस दिवस बंद राहिली तर त्या घरातली बाई चाळीस रात्री निवांत झोपते, एवढं पुरे आहे. पण या सोडण्याची एक गंमत आहे, ते लोकांना दिसतं. आणि दिसलं की सांगावंसंही वाटतं. राखेच्या बुधवारी मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, बायबलमधलं जे शुभवर्तमान (येशूची कहाणी) वाचतात, त्यात येशू नेमकं यावरच बोट ठेवतो. उपास करशील तेव्हा डोक्याला तेल लाव, तोंड धू, लोकांना कळू देऊ नकोस. गंमत बघा, हे ऐकतो आणि कपाळावर राख घेऊन सगळ्यांच्या देखत घरी येतो!

सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी आपल्या मठवासीयांसाठी नियम लिहून ठेवले. त्यात उपवासकाळावर एक छोटं प्रकरण आहे. प्रत्येकानं आनंदानं थोडं जास्तीचं काही करावं, थोडं अन्न, थोडी झोप, थोडी बडबड कमी करावी, असं ते सांगतात. पुढे मात्र एक अट घालतात. काय सोडणार ते आधी मठाधिपतीला सांगायचं आणि त्याची परवानगी घ्यायची. न विचारता केलेला त्याग ते गर्वाच्या खात्यात टाकतात, पुण्याच्या नव्हे. पंधराशे वर्षांपूर्वीच या गृहस्थांनी ओळखलं होतं की उपाशी पोटावर अहंकार चांगला पोसतो.

मग सोडायचं काय? मला विचाराल तर अबोला.

आमच्याकडे जमिनीला सोन्याचा भाव आला आणि वाडीवाडीत भावाभावांचं बोलणं थांबलं. कुठे बांधाचा वाद, कुठे विहिरीच्या पाण्याचा, कुठे बहिणीनं सही द्यायला नकार दिला म्हणून. एकाच चर्चमध्ये दोघं भाऊ येतात. एक डाव्या बाजूच्या बाकावर, दुसरा उजव्या. शुक्रवारी क्रुसाची वाट, म्हणजे येशूच्या शेवटच्या वाटचालीची प्रार्थना, होते, चौदा स्थानांवर दोघं गुडघे टेकतात, पाचव्या स्थानावर शिमोन या परक्या माणसानं येशूचा क्रूस उचलला हे दोघंही ऐकतात, आणि बाहेर पडताना चपला घालेपर्यंत एकमेकांकडे बघत नाहीत. यांचा शुक्रवारचा उपास मात्र अगदी कडक.

चर्चनं या दिवसांसाठी लावलेली वाचनं पाहिलीत तर ती पुन्हापुन्हा याच जागी येतात. पहिल्याच आठवड्यातल्या शुक्रवारी, म्हणजे नेमक्या उपासाच्या वारी, मत्तयच्या शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय वाचतात. वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर. 'तुझ्या मनात' असं नाही, 'त्याच्या' मनात! म्हणजे मी कुणावर रागावलेला नाही, ही पळवाटही बंद. दुसऱ्या आठवड्यातल्या शनिवारी उधळ्या पुत्राची गोष्ट. धाकटा मुलगा आपला वाटा उधळून घरी परततो, बाप त्याच्यासाठी मेजवानी देतो. आपण सगळे धाकट्यावर बोलतो, मला मात्र मोठा जास्त जवळचा वाटतो. कष्टाळू, नियम पाळणारा, आणि अंगणात रुसून उभा. बापाशी बोलताना धाकट्याला तो 'हा तुमचा मुलगा' म्हणतो, भाऊ म्हणत नाही. शेवटी तो आत गेला की नाही, हे ती गोष्ट लिहिणाऱ्या लूकनं लिहिलेलंच नाही.

आता, बोलायला जाणं म्हणजे हक्क सोडणं नव्हे. कोर्टात दावा चालू असेल तर चालू द्या. बहिणीचा वाटा बहिणीला मिळालाच पाहिजे, क्षमेच्या नावाखाली तो गिळू नये. आणि जिथं मारहाण झाली, छळ झाला, तिथं परत जाऊन राहा असं कुठल्याही बाईला उपवासकाळ सांगत नाही. सांगणाऱ्यांचं ऐकू नका. मी बोलतेय ते साध्या, मुरलेल्या, कारणही धड न आठवणाऱ्या अबोल्यांबद्दल.

ते एकदम सुटत नाहीत. सुरुवातीला रोजच्या प्रार्थनेत त्या माणसाचं नाव घ्या, नुसतं नाव. पहिले काही दिवस ते दातांतून बाहेर पडणार नाही. मग घरात, मुलांसमोर, त्याच्याबद्दल वाईट बोलणं थांबवा. हा मटण सोडण्यापेक्षा खूपच अवघड उपास आहे, कारण जेवताना तोंडी लावायला तोच विषय असतो आपल्याला. पापनिवेदनाला जाल तेव्हा त्याच्या चुका सांगत बसू नका, आपल्या सांगा. आणि मग पवित्र सप्ताहाची वाट न पाहता जा त्याच्या दारात. मध्यस्थ नको, वहिनीकरवी निरोप नको. कदाचित तो दार उघडणार नाही. उघडून तोंड फिरवील. तेही धरून चाला, त्याचा उपवासकाळ त्याच्या वेळेनं येईल.

उघडलंच दार, तर तब्येतीची विचारपूस करा, चहा दिला तर घ्या. चहा सोडला असला तरी घ्या. आणि सातबाऱ्याचा विषय त्या दिवशी काढू नका.

नमस्कार.