धंद्यातली अडचण कुणाजवळ बोलावी?

श्रोतेहो, नमस्कार.

स्वतःचा धंदा चालवणाऱ्याला सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. पण त्याच अडचणीतून स्वतः गेलेले आणि शांतपणे ऐकून घेणारे फार थोडे. कामगारांपुढे मालकाला काळजी दाखवता येत नाही, बँकेत दाखवली तर पुढचे कर्ज अवघड होते, आणि घरी सांगितली तर घरच्यांची झोप उडते. म्हणून आज मला उद्योजकांच्या छोट्या गटांविषयी बोलायचे आहे. आठ-दहा मालक दर महिन्याला एकत्र बसतात आणि एकमेकांपुढे आपले खरे आकडे मांडतात, एवढेच त्याचे स्वरूप.

अमेरिकेत १९५० साली तरुण कंपनीप्रमुखांची वायपीओ ही संघटना निघाली, आणि १९५७ साली मिलवॉकी शहरात सुरू झालेला असाच एक गट पुढे व्हिस्टेज या नावाने वाढला. गोव्यात व्यापाऱ्यांची संघटना याहून जुनी. आपल्या चेंबरची, म्हणजे गोवा चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्रीची, स्थापना १९०८ सालची आहे. उद्योगांचे म्हणणे सरकारपुढे मांडण्याचे काम चेंबर करते आणि ते आवश्यकच आहे, पण आपली उधारी किती थकली आहे हे कुणी भरसभेत उठून सांगणार नाही.

फोंडा तालुक्यातल्या एखाद्या काजू कारखानदाराचे उदाहरण घेऊ. कच्ची बी मार्च ते मे या काळात रोखीने विकत घ्यावी लागते. ती सुकवून, साठवून पुढे वर्षभर फोडायची. म्हणजे पैसा उन्हाळ्यात गुंततो आणि हॉटेले व दुकानदारांकडून थोडाथोडा परत येतो. सूक्ष्म व लघू उद्योगाने पुरवलेल्या मालाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत दिले पाहिजेत, असे २००६ चा कायदा सांगतो; उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागते. कायदा असा भक्कम असूनही मोठ्या गिऱ्हाइकाला त्याची आठवण करून द्यायला पुरवठादार कचरतो, कारण पुढची ऑर्डर जाईल ही धास्ती असते. इथे वकिलापेक्षा गटातला, कुंडईच्या औद्योगिक वसाहतीतला एखादा फॅब्रिकेशनवाला अधिक उपयोगी पडतो, कारण आपण कोणत्या शब्दांत पत्र लिहिले, पैसे कधी आले आणि त्यानंतर ते गिऱ्हाईक टिकले की तुटले, हे तो सांगू शकतो.

गटाची शिस्त याच गोष्टीवर उभी असते. अडचण मांडणाऱ्याला आधी सर्वांनी प्रश्न विचारायचे. नंतर ज्याने तसा प्रसंग निभावला असेल त्याने ‘मी असे केले आणि त्याचे हे झाले’ एवढेच सांगायचे. ‘तू असे कर’ म्हणायला बंदी. निर्णय ज्याचा त्याने घ्यायचा, आणि पुढच्या बैठकीत काय केले ते सांगायचे. माझ्या मते या शेवटच्या नियमावाचून गट म्हणजे नुसत्या गप्पा.

गोव्यात आणखी एक पथ्य काटेकोरपणे पाळले पाहिजे. पेडण्यात सकाळी बोललेले काणकोणात संध्याकाळी पोचते, इतका आपला मुलूख लहान. त्यामुळे एकाच धंद्यातले दोघे, एकमेकांचे पुरवठादार किंवा व्याही-सोयरे एका गटात नसावेत, आणि बैठकीतली गोष्ट बाहेर फुटली तर ती फोडणाऱ्याने, तो कितीही मोठा असो, गट सोडावा. ज्या घरी हिशेब पत्नी सांभाळते, तिथून बैठकीला तिनेच यावे, असेही मला मनापासून वाटते.

सुरुवात करायला पावसाळा बरा. पर्यटनाचा हंगाम सरलेला असतो आणि चतुर्थीच्या गडबडीला अवकाश असतो. जून-जुलैत दोन बैठका झाल्या तर कोण खरोखर बोलते आहे आणि कोण केवळ ऐकायला आले आहे हे कळते, आणि हंगामाच्या तोंडावर गट पक्का करता येतो.