साखर कारखान्यात तयार होते का?

श्रोतेहो, नमस्कार. ज्याला वस्तुमान आहे आणि जे जागा व्यापते ते द्रव्य, ही व्याख्या आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेत पाठ केलेली असते. तिच्या पाठोपाठ आणखी एक वाक्य येते, ते असे की भौतिक बदल उलटवता येतो आणि रासायनिक बदल उलटवता येत नाही. परीक्षेत या वाक्याला गुण मिळतात. पण आपल्या सोलापूर जिल्ह्यातील उद्योगांना ते लावून पाहिले तर ते फार वेळ तग धरत नाही.

मे महिन्यात शहराचा पारा 40 अंशांच्या वर गेला की सिद्धेश्वर तलावाचे पाणी वाफ होऊन उडत राहते. त्या वाफेतला रेणू पाण्याचाच असतो, दोन अणू हायड्रोजनचे आणि एक ऑक्सिजनचा. रेणू एकमेकांपासून दूर गेले, एवढेच घडले. तेच पाणी विजेच्या साह्याने फोडले, तर मात्र 9 ग्रॅम पाण्यातून 1 ग्रॅम हायड्रोजन आणि 8 ग्रॅम ऑक्सिजन मिळतो, मग ते पाणी उजनीचे असो की पावसाचे. संयुगातले प्रमाण असे पक्के ठरलेले असते. मिश्रणाला तसले बंधन नसते. म्हणून बदल ओळखताना विचारायचा प्रश्न एकच आहे: नवा पदार्थ तयार झाला का? ज्वारी दळल्यावर पिठाचा पुन्हा दाणा होत नाही, पण गिरणीने कोणताही नवा पदार्थ घडवलेला नसतो. हा बदल उलटत नाही, तरीही तो भौतिकच आहे.

याच्या अगदी उलट उदाहरण सूत रंगवण्याच्या कामात सापडते. निळीचा रंग पाण्यात विरघळत नाही. अल्कलीयुक्त पाण्यात सोडियम हायड्रोसल्फाइट, म्हणजे डाईंगमध्ये ज्याला नुसते हायड्रोस म्हणतात ते, घातले की निळीचे क्षपण, म्हणजे ऑक्सिडीकरणाच्या उलट रासायनिक क्रिया, होऊन तिचे पिवळसर हिरवे, पाण्यात विरघळणारे रूप तयार होते आणि ते सुताच्या तंतूंत शिरते. सूत बाहेर काढून हवेत धरले की हवेतील ऑक्सिजनमुळे तीच नीळ धाग्याच्या आत पुन्हा न विरघळणारी होते, आणि म्हणून ती सहजासहजी धुऊन जात नाही. नीळ गेली आणि परत आली, पण दोन्ही वेळा पदार्थ बदलला, म्हणून हा बदल दोन्ही बाजूंनी रासायनिक आहे.

आता साखरेकडे वळू. ज्या जिल्ह्यात गाळप हंगाम सुरू झाला की रस्तोरस्ती उसाच्या ट्रॉल्या दिसतात, तिथे हे विधान थोडे धाडसाचे वाटेल, पण साखर कारखान्यात तयार होत नाही. ती उसाच्या पानांत सूर्यप्रकाशाच्या साह्याने तयार होते आणि कांड्यांत साठते. कारखाना ती फक्त वेगळी काढतो. रसात कालवलेला चुना घालतात आणि गंधक जाळून मिळालेला सल्फर डायऑक्साइड वायू सोडतात, तेव्हा कॅल्शियम सल्फाइटचा साका बनतो आणि पुष्कळशी अशुद्धी आपल्याबरोबर घेऊन खाली बसतो. हे रसायनशास्त्र खरे, पण ते मळाचे आहे, साखरेचे नव्हे. पुढे पाणी उडवणे, पाक आटवणे, दाणा पाडणे आणि तो यंत्रात गरगर फिरवून वेगळा करणे, ही सारी भौतिक कामे आहेत. पाक निर्वात पॅनमध्ये आटवतात, त्यामुळे तो 100 अंशांच्या बराच खाली उकळतो आणि साखर करपत नाही. माझ्या मते साखर कारखान्याचे निम्मे कौशल्य एक रासायनिक बदल होऊ न देण्यातच खर्च होते.

तो बदल कोणता, हे शेतकऱ्यांना फडातूनच ठाऊक असते. तोडलेला ऊस उन्हात पडून राहिला की उतारा, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचे प्रमाण, घटतो. वजन घटते ते पाणी उडाल्यामुळे, पण उतारा घटण्याचे मोठे कारण निराळे आहे. उसातील विकरे, म्हणजे एन्झाइम, आणि कापलेल्या टोकांतून शिरलेले सूक्ष्मजीव सुक्रोजच्या रेणूला पाण्याचा एक रेणू जोडून त्याचे दोन तुकडे करतात, एक ग्लुकोज आणि दुसरा फ्रुक्टोज. गोडी राहते, पण या दोन्ही शर्करांचा कारखान्याला हवा तसा दाणा पडत नाही. हिशेब पाहा: 342 ग्रॅम सुक्रोज आणि 18 ग्रॅम पाणी मिळून 360 ग्रॅम, त्यातून ग्लुकोज 180 आणि फ्रुक्टोज 180. पदार्थ बदलले, वजनाची बेरीज मात्र बदलली नाही.

हाच हिशेब फ्रान्समधील रसायनशास्त्रज्ञ लव्हाझिए यांनी 1789 मध्ये स्पष्ट शब्दांत मांडला, आणि तोही द्राक्षरसाच्या किण्वनाची, म्हणजे आंबण्याची, चर्चा करताना, हे मला फार योग्य वाटते. आपल्याकडे कारखान्याला जोडून असलेल्या आसवनीत मोलॅसिसवर, म्हणजे साखर काढून उरलेल्या मळीवर, यीस्टची तीच प्रक्रिया चालते. 180 ग्रॅम ग्लुकोज पूर्णपणे आंबले तर 92 ग्रॅम अल्कोहोल आणि 88 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड तयार होतो. उघडी टाकी तोलली तर जवळजवळ निम्मी शर्करा नाहीशी झाली असेच वाटेल, कारण तो वायू फसफसत निघून जातो. तो धरून ठेवला आणि तोलला की 180 ग्रॅम पुन्हा भरून येतात. हा वायू हवेपेक्षा जड असल्यामुळे रिकाम्या केलेल्या टाकीच्या तळाशीही साचून राहू शकतो, आणि त्याला रंग नसल्याने तो दिसत नाही. म्हणूनच अशा टाकीत सफाईसाठी माणूस उतरवण्यापूर्वी तिच्यात ताजी हवा खेळवावी लागते आणि आतली हवा यंत्राने तपासावी लागते. नमस्कार.